आधी लिहा, मग आत या

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पोलिसांनीच शहाण्या माणसाची पायरी चढली तर काय करायचं, यावर मात्र म्हण नाही. बहुधा ती रचायला बसलेल्याच्या दारातच फौजदार येऊन उभा राहिला असावा.

म्हण नसल्यामुळे आपण सिनेमावर भागवतो. सिनेमातला वडीलधारा माणूस सोफ्यावरून उठतो, खांद्यावरची शाल सारखी करतो आणि खर्जात विचारतो, "वॉरंट आहे?" इन्स्पेक्टर टोपी सावरत परत जातो. मराठी मध्यमवर्गाचं राज्यघटनेचं शिक्षण नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या एका दृश्याने जास्त केलं. (त्या पुस्तकाला मार्क तरी किती असायचे म्हणा.) फक्त शिकवलं ते चुकीचं.

दखलपात्र गुन्ह्याचा तपास चालू असेल तर घरझडतीला वॉरंट लागतंच असं नाही. पूर्वी ही मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये आहे. आकडा वीसने वाढला, मजकूर जवळपास तोच राहिला. संहितेच्या नावात आता 'नागरिक' आणि 'सुरक्षा' असे दोन्ही शब्द आहेत. पहाटे दार वाजल्यावर तेवढ्यावर धीर धरावा, अशी सरकारची अपेक्षा दिसते.

तेव्हा "वॉरंट आहे?" हा प्रश्न विचारलात तर साहेब हसून म्हणतील, "गरज नाही." आणि ते खोटं नसेल. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. "साहेब, लिहिलंय का?"

कलम १८५ पोलिसांना सूट देतं, पण फुकट देत नाही. झडतीला निघण्यापूर्वी अधिकाऱ्याने कागदावर लिहायचं असतं: अमुक वस्तू या घरात सापडेल असं मला का वाटतं, ती वस्तू कोणती आणि वॉरंट आणायला गेलो तर उशीर होऊन काय बिघडेल. तेही निघण्यापूर्वी. हे लिहिण्याचा अधिकार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किंवा त्या गुन्ह्याच्या तपास अधिकाऱ्याला. त्यांना स्वतःला जमत नसेल तर का जमत नाही हेही लिहायचं आणि हाताखालच्या अधिकाऱ्याला जागा आणि वस्तू नमूद करून लेखी हुकूम द्यायचा. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायच्या. एवढं करणाऱ्याला वॉरंटवाचून आत जाता येतं. म्हणजे कायद्याने न्यायाधीशाची सही माफ केली, विचार करणं माफ केलेलं नाही.

आता तुमच्या ओळखीच्या कुठल्याही वकिलाला विचारा, हे कागद केव्हा लिहिले जातात. तो चष्मा पुसत बसेल.

आणखी एक गोष्ट जाता जाता. ही सूट ज्या गुन्ह्याचा तपास करायचा पोलिसांना अधिकार आहे त्याच गुन्ह्यापुरती आहे. शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण झालं, त्याने ठाण्यात जाऊन 'एनसी' केली, तर तो अदखलपात्र मामला. त्यात दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपासच करता येत नाही, मग तुमचं कपाट कसलं उघडता येतंय? तरी संध्याकाळी कोणीतरी येतं आणि म्हणतं, "जरा बघून जातो." हे 'जरा' कुठल्या कलमात बसतं ते संहितेत सापडत नाही.

लिहिलं नाही तर काय होतं, याचं उत्तर तंबाखूने दिलेलं आहे. राजस्थानातल्या रहमान नावाच्या माणसाच्या घरी केंद्रीय अबकारी खात्याचे अधिकारी तंबाखूच्या झडतीला आले. घरच्यांनी अडवलं, झटापट झाली आणि खटला उभा राहिला तो तंबाखूचा नाही, सरकारी नोकराला अटकाव केल्याचा. तो चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६० च्या निकालसंग्रहात तो आहे. न्यायालय म्हणालं, कारणं लिहिणं ही अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब नाही, ती सक्ती आहे. ती पाळली नाही म्हणून झडती बेकायदा, आणि बेकायदा झडतीला अडवलं म्हणून गुन्हा होत नाही. सरकारचं अपील फेटाळलं गेलं. न लिहिलेल्या दोन ओळींनी सरकार हरलं.

इथे टाळ्या वाजवायच्या असतील तर लवकर वाजवा, कारण पुढच्याच निकालात त्या थांबतात.

उत्तर प्रदेशातला राधाकिशन नावाचा पोस्टमन. घरझडतीत त्याच्याकडे न वाटलेली पत्रं सापडली. त्याचं म्हणणं, झडतीच बेकायदा होती. सर्वोच्च न्यायालयाने (निकाल १९६३ च्या संग्रहात आहे) सांगितलं की झडती बेकायदा होती असं धरलं, तर त्या वेळी तिला अडवता आलं असतं, आणि न्यायालय अशा झडतीतला पुरावा जरा डोळ्यांत तेल घालून तपासेल. बस्स. सापडलेला माल त्यामुळे बाद होत नाही. पुढे सत्तरच्या दशकात पूरणमल खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आयकराच्या धाडींबद्दल हेच ठाम केलं: पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर तो कुठल्या वाटेने आला म्हणून नाकारता येणार नाही.

म्हणजे हिशेब असा. पोलिसाने नियम पाळून दार ठोठावलं तरी माल त्याचा, नियम मोडून दार तोडलं तरी माल त्याचाच. मग नियम पाळायचा तो कशासाठी? चांगल्या संस्कारांसाठी असावा.

अमेरिकेत निदान या प्रश्नाचं उत्तर १९६१ मध्ये मिळालं. ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात डॉलरी मॅप नावाच्या बाईच्या घरात पोलीस १९५७ मध्ये घुसले. तिने अगदी सिनेमातल्यासारखं विचारलं, वॉरंट कुठे आहे? पोलिसाने एक कागद नाचवला. तिने तो हिसकावून ब्लाउजमध्ये खोचला, पोलिसांनी झटापट करून परत घेतला. खटल्यात तो कागद कधीच हजर झाला नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या कोर्टांतही चालणार नाही. त्यानंतर तिकडच्या पोलिसांना कागदाची आठवण राहू लागली. आपल्याकडे आठवण राहायचं कारणच ठेवलेलं नाही.

"पण सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय ना, बेकायदा झडती अडवता येते?" असा प्रश्न एखादा बाणेदार वाचक विचारेल. वाचकहो, मराठी माणसाला पाढ्यांनंतर पाठ असलेला एकच आकडा आहे, ३५३. सरकारी कामात अडथळा! ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे हा आकडा मंत्रासारखा टाकला जातो. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम १३२ झालं, पण "एकशे बत्तीस लावीन" या धमकीत अजून जोर येत नाही, म्हणून बरेच जण जुनाच आकडा वापरतात. शिवाय त्याच न्याय संहितेचं कलम ३७ सांगतं की सरकारी नोकर आपल्या पदाच्या अधिकारात, सद्भावनेने एखादी कृती करत असेल आणि तिच्यामुळे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती नसेल, तर ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही. सद्भावना होती की नव्हती ते कोर्टात ठरेल, यथावकाश. तोवर तुम्ही आत.

रहमान सुटला, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सुटला. तुमची तेवढी तयारी असेल तर उंबऱ्यात आडवे पडा. नसेल तर हात मागे बांधून एवढंच म्हणा: "मी अडवत नाही. पण माझी संमती नाही." शांतपणे, घरातल्या इतरांना ऐकू जाईल असं.

संमतीचं हे वाक्य मराठी घरात फार अवघड जातं, कारण आपला स्वभाव आड येतो. दारात कोणीही आलं की आपल्या तोंडून "या ना, बसा" निघतं. साहेब बसतात. "चहा घेणार का?" हेही निघतं. पुढे पंचनाम्यात येतं, 'घरमालकाच्या संमतीने घराची पाहणी केली'. चहा पाजू नका असं मी म्हणणार नाही, आपली ती रीत नाही. चहा द्या, संमती देऊ नका. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवू नका.

आता पंच. या विषयावर खरं तर वेगळं सदर चालवता येईल.

कायदा म्हणतो (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०३), झडतीआधी त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवा. परिसरात कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तरच दुसरीकडचे. झडती त्यांच्यासमोर घ्या, काय कुठे सापडलं याची यादी करा, तिच्यावर त्यांच्या सह्या घ्या. कल्पना छान आहे. पोलीस आणि नागरिक यांच्यामध्ये दोन तटस्थ माणसं उभी. प्रत्यक्षात सोसायटीत पोलिसांची गाडी शिरली की सगळे प्रतिष्ठित रहिवासी पडद्याआड जातात आणि सगळे स्वतंत्र रहिवासी गावाला गेलेले असतात. सेक्रेटरी फोन उचलत नाही. खाली उरतो तो वॉचमन, आणि तो ना स्वतंत्र ना कायम. लेखी बोलावणं येऊनही विनाकारण पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे, पण तो कोणावर दाखल झाल्याचं ऐकलं आहेत? त्यामुळे पोलीस आपले पंच आपल्याबरोबरच आणतात. त्यातले काही इतक्या पंचनाम्यांवर सह्या करतात की न्यायाधीश त्यांना नावाने ओळखू लागतात आणि मग निकालपत्रात तसं लिहितात.

यातला कळस पुणे पोलिसांनी गाठला. भीमा-कोरेगाव प्रकरणात २८ ऑगस्ट २०१८ रोजी देशातल्या वेगवेगळ्या शहरांत घरांवर छापे पडले, अटका झाल्या. अटकेच्या कागदावर साक्षीदार म्हणून कुटुंबातला माणूस किंवा त्या परिसरातली प्रतिष्ठित व्यक्ती लागते. पुणे पोलिसांच्या पथकाबरोबर गेलेले साक्षीदार निघाले पुणे महापालिकेचे कर्मचारी. सर्वोच्च न्यायालयातल्या अल्पमताच्या निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी यावर बोट ठेवलं. पुण्याच्या महापालिकेचा माणूस दूरच्या शहरातही स्थानिक प्रतिष्ठित ठरतो, यात अस्सल पुणेकराला नवल वाटणार नाही. त्याच्या मते सगळा देशच पुण्याचं उपनगर आहे. दिल्लीत अटक झालेल्या एकाच्या बाबतीत तर बहुतेक कागदपत्रं मराठीत होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला पुणे पोलिसांच्या ताब्यात देणारा हुकूम १ ऑक्टोबर २०१८ रोजी रद्द केला. मराठीला राजधानीत मान मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

पंचनाम्याचं गद्य हा मराठी साहित्यातला दुर्लक्षित प्रकार आहे. त्यातलं एक वाक्य माझं विशेष आवडतं: 'आम्ही पोलीस व पंच यांनी आमची अंगझडती देऊ केली असता घरमालकाने ती घेण्यास नकार दिला.' आत शिरताना पोलिसांनीच खिशातून काही आणलेलं नाही हे पटावं, म्हणून ही पद्धत पडली. पद्धत उत्तम. गंमत अशी की घरमालक जवळजवळ नेहमीच नकार देतो. इतका विश्वासू नागरिक जगात दुसरीकडे मिळणार नाही. पहाटे पाच वाजता बारा माणसं घरात उभी आहेत, कपाटातली पातळं जमिनीवर येणार आहेत, आणि हा म्हणतो, "छे छे, तुमचे खिसे कशाला बघू?" पुढच्या वेळी कोणी खरोखरच 'देऊ केली' तर, माझ्या माहितीसाठी म्हणून का होईना, घ्या.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने एक बदल खराच केला आहे आणि तो कबूल केला पाहिजे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं सुरुवातीपासून यादीवर सह्या होईपर्यंतचं चित्रीकरण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. शक्यतो मोबाइलवर, असं कायद्यातच म्हटलंय. कायद्याच्या पुस्तकात मोबाइल आला तो शेवटी यासाठी. कलम १८५ च्या बिनवॉरंटच्या झडतीलाही हाच नियम आहे. तेव्हा दार उघडल्यावर दुसरा प्रश्न हा: "शूटिंग सुरू झालं का?" बॅटरी संपलेली असणं, रेंज नसणं, मेमरी फुल होणं ही तीन कारणं लवकरच पंचनाम्याच्या गद्यात आपली जागा पटकावतील, अशी मला भीती आहे. पण घरातल्या माणसाने स्वतःच्या घरात स्वतःचा मोबाइल सुरू ठेवू नये, असं या कलमांमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर २०२२ मध्ये, शासकीय गुपितांच्या कायद्याखाली पोलीस ठाणं हे 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं सांगितलं. ठाण्यातलं चित्रीकरण हेरगिरी होत नसेल तर तुमच्या स्वयंपाकघरातलं तरी कशाला होईल!

एक गंमत आणखी. अटकेसाठी आत शिरायचं असेल तर त्याचं कलम वेगळं आहे, ४४. ज्याला पकडायचं तो आत आहे असं मानायला कारण असेल तर पोलीस आत येऊ शकतात. पण आपण कोण, कशासाठी आलो ते सांगून आणि आत घ्या म्हणून मागणी करून, तरीही दार उघडलं नाही तरच ते तोडता येतं. त्याच कलमात पुढे अशीही तरतूद आहे की अटकेसाठी कायदेशीरपणे आत गेलेला पोलीस आतच अडकून पडला, तर त्याला स्वतःची सुटका करून घेण्यासाठी दार-खिडकी तोडता येते. कायदा करणाऱ्यांनी कोणत्या वाड्यातली कोणती आजीबाई डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं असेल, कोण जाणे. बाहेरून कडी घालायचा मोह होत असेल तर आवरा, एवढाच त्याचा अर्थ.

बायकांपुरतं थोडक्यात. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. सूर्य मावळल्यानंतर आणि उगवण्यापूर्वी बाईला अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. आणि साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. चौकशीला पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं. "काही नाही हो, साहेबांनी दहा मिनिटं बोलावलंय" यातली दहा मिनिटं कोणाच्या घड्याळाची असतात, हे एकदा तरी ज्याने अनुभवलंय तो सांगेल.

इथपर्यंतचं सगळं दार असलेल्या माणसांसाठी झालं. म्हणजे सेफ्टी डोअर, त्याला साखळी, पलीकडे भोकातून बघायची सोय, खाली वॉचमन, वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये. वॉरंटवाचून पोलीस ज्यांच्या घरात खरोखर वरचेवर येतात त्यांच्याकडे यातलं काही नसतं.

खरकसिंग हे नाव घटनेच्या अभ्यासकांना पाठ असतं. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ मध्ये दरोड्याच्या एका गुन्ह्यात पकडला गेला आणि पुरावा नाही म्हणून सुटला. सुटला, पण पोलिसांनी त्याची हिस्ट्री शीट उघडली. त्यानंतर चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री येऊन दार वाजवत, आरडाओरडा करत, झोपेतून उठवत, घरात शिरत. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. पण त्याच निकालात म्हटलं की खासगीपणाचा हक्क म्हणून काही आपल्या घटनेत नाही, आणि बाकीची पाळत चालू राहिली. त्या वाक्याला खोडायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दार वाजणं मात्र त्यानंतरही थांबलेलं नाही. केरळात हिस्ट्री शीट असलेल्या एकाने रात्री दीडच्या सुमाराला पोलिसांसाठी दार उघडायला नकार दिला, उलटून बोलला म्हणे, तर त्याच्यावरच गुन्हा. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो रद्द केला आणि पाळतीच्या नावाखाली मध्यरात्री दारं ठोठावता येणार नाहीत, असं पोलिसांना सांगितलं. १९६२ मध्ये सांगून झालं होतं, २०२५ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. सरकारी खात्यात टपाल उशिरा पोचतं, पण त्रेसष्ट वर्षं?

महाराष्ट्रात हा विषय निघाला की पारध्यांच्या पालांवर जावं लागतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो रद्द केला आणि त्यांना 'विमुक्त' म्हटलं. तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी अजूनही पालांकडे वळते. तिथे दार नसतं, त्यामुळे ते ठोठावण्याचा प्रश्न येत नाही. कापड बाजूला केलं की झालं. परिसरातले स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच? गावातले प्रतिष्ठितच तर "त्यांनाच उचला" म्हणून फोन करणारे असतात. ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे नोंद? पालाला घरक्रमांक नाही, नोंद कुठल्या घराची करणार! मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं की मागास आणि विमुक्त समाजातल्या निरपराधांची नावं हिस्ट्री शीटमध्ये यंत्रवत भरू नका. भरली जात होती म्हणूनच बजावावं लागलं ना?

नवल असं की आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाला या पालांची आठवण होती. १९५१ च्या या कायद्यातलं कलम १४७ काढून बघा. वाजवी कारणावाचून किंवा अधिकार नसताना जो पोलीस अधिकारी कुठल्याही इमारतीत, जहाजात, तंबूत किंवा जागेत शिरेल, झडती घेईल, तो शिक्षेस पात्र, आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. इमारत, जहाज, तंबू! पोलिसाला त्याच्याच कायद्यात तुरुंग दाखवणारं हे कलम ठाण्याच्या भिंतीवर कुठे लावलेलं तुम्ही पाहिलंय? भिंतीवर 'आम्ही आपल्या सेवेसाठी' असतं आणि त्याखाली बाकड्यावर सेवा घ्यायला आलेले लोक बसलेले असतात.

दार असलेल्यांनाही कधीतरी पालाची चव चाखायला मिळते. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ परिसरातल्या हॉटेलांच्या खोल्यांमधून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढलं आणि कलम लावलं ते सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. बंद खोली सार्वजनिक कशी झाली? पोलीस आत आल्यामुळे झाली असेल. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तार झाला आणि परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. म्हणजे फ्रीज हा तपासाचा विषय झाला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. सुरेश गुप्ते यांनी ते कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो हे बघायला राज्याने आत शिरू नये, हे त्यामागचं एक कारण. 'मी ते खात नाही, मला काय त्याचं' असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी एवढाच विचार करावा की फ्रीज उघडणारा हात आत काय आहे हे उघडल्यावरच बघतो.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. चोर वॉरंटची वाट बघत थांबत नाही. मुद्देमाल रात्रीतून जिल्ह्याबाहेर जातो. दंडाधिकाऱ्यांचा दरवाजा पहाटे कोण वाजवणार? हवालदाराला सलग ड्युटी, साहेबाला वरून फोन, वरच्या साहेबाला आणखी वरून. सगळं खरं आहे, आणि म्हणूनच कायद्याने वॉरंट माफ केलं. बदल्यात मागितलं काय, तर निघण्याआधी चार ओळी. खून, दरोडे, अपहरणं यांची हजारो पानी आरोपपत्रं लिहिणाऱ्या खात्याला चार ओळी जड जाव्यात हे पटत नाही. त्या चार ओळींत 'मला का वाटतं' याचं उत्तर द्यावं लागतं. खबऱ्याने सांगितलं, की आमदाराच्या माणसाने सांगितलं, की कोणाचं तरी भाडेकरूशी वाकडं आहे, हे कागदावर उतरवणं जड जात असणार.

तेव्हा दार वाजलं तर घाबरा, घाबरणं नैसर्गिक आहे, पण घाबरत घाबरत हे करा. नाव आणि हुद्दा विचारा, ठाणं कोणतं ते विचारा, साध्या वेशात असतील तर ओळखपत्र बघा, खात्री पटत नसेल तर ११२ ला फोन लावा. गुन्हा कोणता, वस्तू कोणती, कारणं नोंदवली का, हे विचारा. झडती चालू असताना घरातल्या एकाने समोर उभं राहायचं. तो तुमचा हक्क आहे आणि कुठल्याही झडतीत तो नाकारता येत नाही. चहा करायला सगळे एकदम आत जाऊ नका. न वाचता सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नाहीच. जप्तीच्या यादीची पंचांच्या सह्या असलेली प्रत तिथल्या तिथे मागून घ्या. मोबाइल नेला तर त्याचा मेक, नंबर आणि तो चालू होता की बंद, हे यादीत आलंय का ते बघा. गेल्यावर त्याच दिवशी आठवतं ते सगळं वेळेसकट लिहून काढा. बेकायदा काही घडलं असेल तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि दंडाधिकारी अशा तिन्ही ठिकाणी लेखी कळवा. एका ठिकाणचा कागद हरवतो, तिन्ही ठिकाणचे एकदम हरवायला जास्त मेहनत पडते.

आणि कलम १८५ चं पाचवं उपकलम विसरू नका. तुमच्या घराच्या झडतीपूर्वी अधिकाऱ्याने काय कारणं लिहिली होती, त्या नोंदीची प्रत घरात राहणाऱ्याला दंडाधिकाऱ्याकडून मिळते. अर्ज करावा लागतो, पैसे लागत नाहीत. झडती होऊन ४८ तास उलटले की त्या कोर्टात जा आणि अर्ज टाका. प्रत मिळाली तर त्यात तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते कळेल. नोंदच आलेली नाही असं उत्तर मिळालं, तर ते उत्तर लेखी मागून घ्या.